सडपातळ की पाणबुडं?

पत्र असं आहे:

"नमस्कार. वय ३४. नोकरीला दहा वर्षं झाली, त्याची आठवण म्हणून स्वतःसाठी एक चांगलं घड्याळ घ्यायचं ठरवलंय. एकच. दोन घेण्याइतका हात सैल नाही आणि तेवढी हौसही नाही. चार महिने दोन घड्याळांत अडकून पडलोय. एक ड्रेस वॉच, म्हणजे सूटबुटावर घालायचं पातळ घड्याळ आहे: ३७ मिलिमीटरची केस, दुधी पांढरी डायल, आकड्यांच्या जागी बारीक चंदेरी काड्या, तपकिरी चामड्याचा पट्टा, रोज हाताने चावी द्यायची. दुकानात ते तीनदा घालून पाहिलं आणि तिन्ही वेळा काढून परत देताना जिवावर आलं. दुसरं डायव्हर, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्यांचं घड्याळ: स्टीलचं, काळं, फिरतं बेझेल (काचेभोवतीचं कडं), २०० मीटर. मित्र म्हणतो, एकच घ्यायचं तर डायव्हर घे, कुठेही चालतं. मेहुणा म्हणतो, सूटखाली डायव्हर म्हणजे हातात बेडी. मी आठवड्यातून तीन दिवस पोहायला जातो, पण तलावात. पायाखाली तळ दिसला नाही की मला धडकी भरते, त्यामुळे समुद्राचं नावच नको. मग डायव्हर घालणं म्हणजे उगाच आव आणणं नाही का? घरी दोन वर्षांची मुलगी आहे, तिची आंघोळ माझ्याकडे. आधीचं घड्याळ पाण्यानेच गेलं. त्यावर '३० मीटर' लिहिलं होतं आणि मी चार फूट पाण्यात होतो! काय करू?
— दोन काट्यांमधला"

प्रिय 'दोन काट्यांमधले',

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पांढऱ्या घड्याळाच्या डायलवरच्या काड्यांचा रंगसुद्धा तुम्हाला पाठ आहे. काळ्याबद्दल मात्र जेमतेम एक ओळ, तीही जाहिरातीतून उतरवून घेतल्यासारखी. ते हातावर घालून पाहिल्याचा उल्लेखही नाही. मन कुठे बसलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, मी सांगायची गरज नाही. घोळ मनगटाचा आहे. मन दुकानातल्या काचेपाशी आणि मनगट दिवसातून दहा वेळा पाण्यात, अशी ही ओढाताण.

आधी त्या ३० मीटरचा हिशोब चुकता करू, कारण त्याने तुम्हाला एकदा फसवलंय. हा आकडा खोलीचा वाटतो, पण असतो दाबाचा. बार हे दाब मोजायचं माप. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, म्हणजे ३० मीटर म्हणजे ३ बार. तेवढा दाब नव्याकोऱ्या घड्याळाने स्थिर अवस्थेत, थोडा वेळ सोसला, इतकाच त्याचा अर्थ. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी आणि पावसाची सर. पोहायचं असेल तर ५० मीटरपासून पुढे विचार करायचा, आणि निर्धास्त राहायचं तर १००.

बरं, चार फुटांत घड्याळ गेलं ते दाबाने नव्हेच. पोहताना हात आपटला की दाब भलताच चढतो असं सांगणारे भेटतात. चढतो, पण अगदी थोडा. घड्याळ मारतात त्या बारीकसारीक गोष्टी. मागच्या झाकणाखाली आणि चावीच्या दांडीभोवती रबराच्या बारीक रिंगा असतात. वयाने त्या कडक होतात, चपट्या होतात. कधी सेल बदलताना झाकण उघडलं जातं आणि जुनीच रिंग परत बसवली जाते, कधी चावी अर्ध्या मिलिमीटरने बाहेर राहते. गरम पाणी आणि साबण हे तर थंड तलावापेक्षा वाईट. गरम वाफेत धातू, काच आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि त्या फटीतून वाफ आत शिरते. तेव्हा मुलीच्या आंघोळीची बादली हा तुमच्या घड्याळाचा तलावापेक्षा मोठा शत्रू आहे.

हे मला कसं कळलं? स्वतःच्या मूर्खपणाने. माझ्याकडे एक छान पातळ घड्याळ होतं, तुमच्या पांढऱ्याच्या नात्यातलंच. एका रविवारी बाह्या सरसावून भांडी घासायला उभा राहिलो, घड्याळ हातावर तसंच. अर्ध्या तासाने वेळ बघितली तर सहाच्या आकड्याखाली, काचेच्या आतून, नखाएवढी धुक्याची कोर. बाहेरून पुसली, जाईना. दुपारपर्यंत ती आपोआप गेली आणि मी सुटलो म्हणून खूश झालो. तीन महिन्यांनी चावी फिरवताना कुरकुर जाणवायला लागली. घड्याळजींनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. चावीची दांडी तपकिरी झाली होती, आणि गंजाची बारीक पूड पुढच्या चाकाच्या दात्यांत जाऊन बसली होती. काचेच्या आत धुकं दिसलं की त्याच दिवशी घड्याळ उघडून घ्यावं. धुकं गेलं याचा अर्थ पाणी गेलं असा नसतो.

डायव्हर या बाबतीत खरंच वेगळं, आणि फरक नुसता आकड्याचा नाही. डाइव्ह वॉचसाठी आयएसओ ६४२५ नावाचं मानक आहे. ते पाळणाऱ्या घड्याळाला किमान १०० मीटरची क्षमता लागते, आणि एकूण एक नग छापलेल्या आकड्याच्या सव्वापट दाबाखाली तपासावा लागतो. साध्या जलरोधक घड्याळांत काही नमुने तपासून भागतं, इथे नाही. शिवाय अंधारात पंचवीस सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, आणि घड्याळ चालू आहे की बंद हेही दिसलं पाहिजे. म्हणून त्या सेकंदकाट्यावर चमकणारा ठिपका असतो. मात्र प्रत्येक 'डायव्हर' हे मानक पाळतं असं नाही. नुसतं रूप उचललेली पुष्कळ आहेत. विकत घेताना हे विचारा.

आता तुमच्या 'आव आणण्या'बद्दल. हा प्रश्न मला आवडला, कारण तो विचारणारे कमी आणि मनात ठेवणारे फार.

आधुनिक डाइव्ह वॉचचा जन्म १९५३ चा. ब्लांपां या स्विस कंपनीचं फिफ्टी फॅदम्स त्या वर्षी आलं, फ्रेंच नौदलाच्या पाण्यात बुडी मारणाऱ्या सैनिकांच्या गरजेतून. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सचं सबमरीनर त्याच काळातलं. पाण्याखाली माणसाची खरी काळजी एकच: हवा किती वेळ पुरेल. म्हणून ते फिरतं बेझेल. उतरताना त्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग काटा बेझेलवरच्या ज्या आकड्यावर येईल तेवढी मिनिटं झाली. बेझेल एकाच दिशेने फिरतं, त्यामागे सुरेख कारण आहे. ते कशाला घासून चुकून सरकलंच, तर झालेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. माणूस गैरसमजाने लवकर वर येईल, पण उशिरा येणार नाही.

आज हे काम मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो, आणि बहुतेक खरे पाणबुडेसुद्धा घड्याळ जोडीला म्हणून नेतात. मग आव कोण कोणापुढे आणतोय? तुम्ही पोहणारे आहात म्हणून आणखी एक सांगतो. पाण्यातल्या घड्याळाची पहिली गाजलेली जाहिरात झाली ती पोहणाऱ्या बाईच्या जिवावर. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ इंग्लिश खाडीत उतरली तेव्हा तिच्या गळ्यात रोलेक्सचं ऑयस्टर होतं. दहा तासांहून जास्त वेळ गोठवणाऱ्या पाण्यात काढल्यावर तिला वर ओढून घ्यावं लागलं, खाडी काही पार झाली नाही. घड्याळ मात्र चालू होतं.

उलट बाजूही बघा. ड्रेस वॉचमध्ये आज अगदी सोवळं समजलं जाणारं जेगर-लकूल्तचं रिव्हर्सो १९३१ साली जन्मलं ते पोलोच्या मैदानासाठी. भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटायच्या, म्हणून केस उलटी करून काच आत लपवायची युक्ती निघाली. कार्तियेच्या टँकचा आकार १९१७ मध्ये सुचला तो खऱ्याखुऱ्या रणगाड्यावरून. आणि ओमेगाचं सीमास्टर, ज्याचं नाव आज डायव्हर म्हणून घेतात, ते १९४८ मध्ये आलं तेव्हा दिसायला बऱ्यापैकी सभ्य, रोजच्या कपड्यांवरचं घड्याळ होतं. तेव्हा घड्याळांची जात फार मनावर घेऊ नका. मेहुण्यांनाही हे ऐकवा, मात्र जेवण झाल्यावर.

तरी मेहुण्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट दडलीय. ती शोभण्याबद्दलची नाही, जाडीची आहे. ड्रेस वॉच साधारण सात ते नऊ मिलिमीटर जाड असतं, डायव्हर बारा ते चौदा. ऐकायला पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पुढच्या वेळी दुकानात जाताना पूर्ण बाहीचा, तुम्ही ऑफिसला घालता तो शर्ट घालून जा. काळं घड्याळ बांधा, कफचं बटण लावा आणि हात टेबलावर ठेवून टाइप करायची नक्कल करा. मग वेळ बघायला हात उचला. कफ बेझेलच्या दातेरी कडेवर चढतो का? की कडेला अडकून तिथेच थांबतो, आणि तुम्हाला दुसऱ्या हाताने तो मागे सारावा लागतो? दिवसातून चाळीस वेळा हे करावं लागलं तर घड्याळ कितीही देखणं असो, महिन्याभरात त्याचा राग येतो. पातळ घड्याळ कफखाली आपसूक जातं आणि आपसूक बाहेर येतं. ड्रेस वॉचची सगळी खानदानी, खरं सांगायचं तर, या एका हालचालीत आहे.

व्यासाकडे लोक फार बघतात. त्यापेक्षा पट्टा अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. ते मनगटाच्या सपाट भागाबाहेर लोंबत असेल तर घड्याळ तुमचं नाही. वजनाचं म्हणाल तर स्टीलचं डायव्हर साखळीसकट दीडशे ग्रॅमच्या आसपास सहज भरतं. चामड्याच्या पट्ट्यावरचं पातळ घड्याळ त्याच्या तिसऱ्या हिश्शात बसतं.

मुलीचा विचार केला तर दोन्ही पारडी हलतात. रात्री तीनला ती उठली, दिवा लावला तर पुरतीच जागी होणार, अशा वेळी डायव्हरची हिरवट चमक फार कामाची. पांढऱ्यावर ती नसणारच, अंधारात नुसती एक गोल चकती दिसेल. बेझेलही घरात उपयोगी पडतं. "अजून दहा मिनिटं खेळ" असं सांगून त्रिकोण फिरवला की वाद घालायला जागा उरत नाही, दोन वर्षांच्या मुलीलासुद्धा ती टिकटिक आवडते. पण तीच मुलगी खांद्यावर झोपली असताना तुमचं मनगट तिच्या गालाशी असतं, आणि बेझेलची खाचाखाचांची कड व साखळीचा खटका काही मऊ नसतो.

मित्राचं 'कुठेही चालतं' हे खरं आहे. कुठेही चालणारी वस्तू कुठल्याच ठिकाणी हवीहवीशी वाटत नाही, हेही मी पुष्कळदा पाहिलंय. पण हा माझा पूर्वग्रह समजा.

आता हिशोब. आठवड्याचे तास १६८. तुम्ही तीन दिवस पोहता, पाऊण पाऊण तास धरला तर सव्वादोन तास. सव्वादोन तासांसाठी उरलेल्या १६५ तासांचं घड्याळ ठरवायचं, हे मला पटत नाही. शिवाय तलावात घड्याळ हवंच कशाला? भिंतीवर एक मोठं असतंच, आणि अगदीच हौस असेल तर रबरी पट्ट्याचं साधं डिजिटल घड्याळ त्या पिशवीतच पडून राहू दे. प्रश्न तलावाचा नाही. तलावाला जाताना तुम्ही कपडेच बदलता, घड्याळ काढायची आठवण होते. प्रश्न आहे तो नकळत येणाऱ्या पाण्याचा: बादली, बेसिन, गाडी धुणं, अचानक आलेला पाऊस. तिथे मीटर वाचवत नाहीत, काढून ठेवायची सवय वाचवते. माझ्याकडे तीच नव्हती.

म्हणून माझा कौल पांढऱ्याला, एका परीक्षेनंतर. ते मेलेलं घड्याळ अजून घरात असेल. ते बंद असलं तरी दोन आठवडे हातावर बांधा. वेळ फोनवर बघा, इथे वेळेचा संबंध नाही. न्हाणीघराच्या बाहेर, शिंतोडे पोचणार नाहीत अशा उंचीवर एक वाटी ठेवा. पाण्याचं काम आलं की घड्याळ वाटीत. विसरलात आणि पाणी लागलं की वहीत एक रेघ मारायची. खोटं बोलू नका, वही तुमचीच आहे. चौदा दिवसांत दोन रेघांपर्यंत माफ. तीन किंवा जास्त झाल्या तर निमूट डायव्हर घ्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. घड्याळ न काढणारी माणसं असतातच, त्यांच्यासाठीच ते बनलंय. फक्त ४० मिलिमीटरच्या आतलं, बारा मिलिमीटरहून कमी जाड, आणि चावी स्क्रूसारखी आवळून बसणारं निवडा. पाण्यात जाण्याआधी ती आवळली आहे ना हे बोटाने तपासायचं, आणि पाण्याखाली तिला हात लावायचा नाही. तलावातून आल्यावर साध्या पाण्याने धुवायचं, क्लोरीन रबराला चांगलं नाही.

परीक्षा पास झालात तर पांढऱ्यातही एक गोष्ट तपासून घ्या: मागच्या झाकणावर ३० लिहिलंय की ५०. तेच रूप ५० मध्ये मिळत असेल तर ते घ्या. पोहायला नव्हे, तिसऱ्या रेघेसाठी. वर्षातून एकदा दाबाची तपासणी करून घ्यायची आणि झाकण उघडलं गेलं की रिंग नवी घालायला सांगायचं. चामड्याच्या पट्ट्याला घाम सोसत नाही, आतून काळपट पडतो आणि वास मारतो. दोन पट्टे आलटून पालटून वापरा, एक वाळत असताना दुसरा. पट्ट्याची रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर असेल तर नवे पट्टे सहज मिळतात, १९ असेल तर शोधत बसाल.

आणि तुम्ही सहज लिहून गेलात त्या 'रोज हाताने चावी द्यायची' यात तुमचं निम्मं उत्तर आहे. स्वयंचलित घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं. ते काढलंच नाही तर त्याला बरंच वाटतं. हाताने चावी द्यायचं घड्याळ मात्र रोज एकदा काढावंच लागतं. हातावर असताना चावी देऊ नये, दांडीवर तिरका जोर येतो. काढून, डाव्या हाताच्या चिमटीत धरून, हळूहळू फिरवत न्यायची आणि अडल्यासारखं वाटलं की थांबायचं, तिथून पुढे एक फेरासुद्धा नको. हे काम सकाळी मुलीची आंघोळ आटोपल्यावर, हात कोरडे करून, त्या वाटीपाशीच करा. चावी दिली की घड्याळ हातावर, पाणी आलं की परत वाटीत.

दुकानात चौथ्यांदा जाण्याआधी वहीत किती रेघा पडल्या ते कळवा. आणि वाटी जरा उंचावर ठेवा, दोन वर्षांच्या मुलीचा हात आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच वर पोचतो.